तीन मोफत टाक्यांचे मूल्यमापन नेमके कशाच्या तुलनेत करावे?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

राज्य शासनाने २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलेल्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेतून उज्ज्वला योजनेच्या लाभार्थी कुटुंबांना आणि लाडकी बहीण योजनेत पात्र ठरलेल्या महिलांच्या कुटुंबांना वर्षाला १४.२ किलोच्या तीन गॅस टाक्या मोफत मिळतात. मोफत याचा अर्थ असा की टाकी घेताना पूर्ण पैसे मोजायचे आणि रक्कम नंतर बँक खात्यावर जमा व्हायची. उज्ज्वलाच्या कुटुंबाला केंद्राचे ३०० रुपये मिळतातच, म्हणून राज्य त्यांना टाकीमागे ५३० रुपये देते आणि इतर पात्र कुटुंबांना ८३० रुपये. आमच्या तालुक्यातील महिला बचत गटांच्या संघाने काही गावांत या योजनेचा पडताळा घ्यायचे ठरवले असून प्रश्नावली तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

पहिल्याच बैठकीत तीन मते पडली. काहींच्या मते किती पात्र कुटुंबांच्या खात्यावर किती वेळा पैसे जमा झाले एवढेच मोजावे, कारण योजनेने तेवढेच वचन दिले आहे. काहींना गॅसचा वापर वाढला का हे पाहायचे आहे. उरलेल्या सदस्यांचे म्हणणे असे की घरातली चूल विझली का, हा एकच प्रश्न खरा आहे, बाकी सगळी कागदपत्रे आहेत. तिन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी येणार आणि अहवालात आपण कोणते उत्तर वर ठेवतो त्यावर योजना यशस्वी की अयशस्वी हे ठरणार, अशी मला धास्ती आहे.

ही धास्ती उज्ज्वलाच्या इतिहासावरून आलेली आहे. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे सुरू झालेल्या त्या योजनेने आठ कोटी जोडण्यांचे लक्ष्य मुदतीआधी गाठले आणि आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्याच औरंगाबादेत दिली गेली. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेपुढे आलेल्या भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या अहवालाने मात्र, ज्या लाभार्थ्यांच्या जोडणीला ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत वर्ष उलटले होते त्यांचा सरासरी वापर वर्षाला ३.२१ टाक्या एवढाच असल्याचे नोंदवले. पाच माणसांच्या घरातला सगळा स्वयंपाक गॅसवर व्हायचा तर आठ ते दहा टाक्या लागतात. एकाच योजनेचे जोडण्यांच्या हिशेबाने पूर्ण यश आणि वापराच्या हिशेबाने निम्म्याहून कमी, अशी दोन चित्रे त्या वर्षी शेजारी शेजारी उभी होती.

आपल्यापैकी काहींनी शासकीय किंवा संस्थात्मक मूल्यमापनात काम केले आहे. काय मोजावे आणि कशाशी ताडून पाहावे, यावर आपली मते हवी आहेत.

जमाखर्च

काय मोजावे हा प्रश्न नंतरचा. आधी कशाशी ताडायचे ते ठरले पाहिजे, कारण बहुतेक अहवाल तिथेच फसतात. ‘योजनेपूर्वी’ आणि ‘योजनेनंतर’ असे दोन स्तंभ आखले की काम झाले असे समजले जाते. या योजनेच्या बाबतीत तो मार्ग पूर्णपणे बंद आहे.

मुंबईचे दर घेऊन हिशेब मांडतो. मार्च २०२३ मध्ये टाकी १,१०२.५० रुपयांना होती आणि उज्ज्वलाच्या ग्राहकाला २०० रुपये परत मिळत, म्हणजे त्याला ती ९०२.५० रुपयांना पडत होती. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस सर्वांसाठीच किंमत २०० रुपयांनी उतरली. ऑक्टोबरात उज्ज्वलाचे अनुदान ३०० झाले. मार्च २०२४ मध्ये किंमत आणखी १०० रुपयांनी कमी झाली. अन्नपूर्णा योजनेचा शब्दही उच्चारला गेला नव्हता तेव्हा हीच टाकी त्या कुटुंबाला ५०२.५० रुपयांना पडू लागली होती. आता २०२२-२३ आणि २०२४-२५ या दोन वर्षांचा वापर शेजारी ठेवून आपण जर लिहिले की तीन मोफत टाक्यांमुळे वापर वाढला, तर त्या वाढीत या ४०० रुपयांच्या उताराचा वाटा किती हे कोणीही सांगू शकणार नाही. देशभरचा उज्ज्वलाचा सरासरी वापर २०२२-२३ मध्ये ३.७१ टाक्यांचा होता, तो पुढच्या वर्षी ३.९५ झाला आणि २०२४-२५ मध्ये साडेचारच्या जवळ गेला. ज्या राज्यांत अन्नपूर्णासारखे काही नाही, तीही या सरासरीत आहेत.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. जुलै २०२४ पासून त्याच घरांत लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये येऊ लागले. एखाद्या बाईने चौथी किंवा पाचवी टाकी भरून घेतली असेल, तर ती मोफत टाक्यांमुळे की हातात आलेल्या रोख रकमेमुळे? तिला विचारूनही याचे उत्तर मिळणार नाही, कारण तिच्या दृष्टीने पैसे एकाच डब्यात पडतात.

सातपुडा_वाट

मी नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा आणि धडगाव भागात काम करतो, म्हणून शेगडीच्या बाजूने थोडे लिहितो. आमच्याकडे ज्या घरात टाकी आहे त्या घरात चूलही आहे आणि ती रोज पेटते. चहा, दूध, पाहुणा आल्यावर पटकन करायची भाजी, पावसाळ्यात सरपण ओले असतानाचा स्वयंपाक हे गॅसवर होते. भाकरी चुलीवर होते. अंघोळीचे पाणी चुलीवर तापते. जनावरांचे आंबोण चुलीवर शिजते आणि थंडीत घर ऊबदार ठेवायला तीच चूल लागते. यातली भाकरी उद्या गॅसवर आली तरी पाणी येणार नाही, कारण लाकूड विकत घ्यावे लागत नाही, फक्त आणावे लागते, आणि ते आणणाऱ्या बाईच्या श्रमाचा हिशेब घरात कोणी ठेवत नाही.

म्हणून ‘चूल विझली का’ हा प्रश्न विचारला तर उत्तर जवळपास सगळीकडे ‘नाही’ असे येईल आणि योजना फसली असा निष्कर्ष निघेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विचारतात तसा ‘मुख्य इंधन कोणते’ हा प्रश्न विचारला तर नेमके उलटे होईल. त्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील स्वच्छ इंधन वापरणाऱ्या घरांचे प्रमाण चौथ्या फेरीत ५९.९ टक्के होते, ते पाचव्या फेरीत ७९.७ टक्के झाले. हा बदल खरा आहे, पण ‘मुख्य’ या एका शब्दाआड दिवसातून दोन वेळा पेटणारी चूल सहज लपते. मी आमच्या कार्यकर्त्यांना असे विचारायला सांगतो की काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय शिजवले, तापवले, उकळले आणि त्यातले प्रत्येक काम कशावर केले. याला वेळ लागतो, पण उत्तर देणाऱ्या बाईला खोटे बोलण्याचे काही कारण उरत नाही.

आणखी एक गोष्ट. आमच्या पाड्यांपर्यंत गॅसची गाडी येत नाही. टाकी आणायला जीपचे भाडे, एका माणसाचा बुडालेला रोज आणि वर आधी मोजायचे ८०० ते ९०० रुपये. पैसे खात्यावर परत येतात हे खरे, पण ज्या घरात आठवड्याचा बाजार पाचशे रुपयांत होतो त्या घराला ते आधी उभे करता येत नाहीत. अशा घराने वर्षात एकच टाकी घेतली तर त्याला मोफत टाक्यांचा लाभ एकच मिळाला, आणि जे घर आधीपासून सहा टाक्या घेत होते त्याला तिन्ही मिळाल्या. सरासरी काढताना ही दोन्ही घरे एकत्र मिसळू नयेत अशी विनंती आहे.

आकडेमोड

जमाखर्च यांनी ‘आधी-नंतर’चा मार्ग बंद केला. त्यावर नेहमीचा उपाय म्हणजे सीमेपलीकडचे गाव. हवामान तेच, पीक तेच, बोलीही बहुधा तीच, फक्त योजना नाही. कागदावर हा उपाय छान दिसतो, म्हणून मी महाराष्ट्राच्या सगळ्या सीमा तपासून पाहिल्या. गुजरातने ऑक्टोबर २०२२ मध्येच उज्ज्वलाच्या कुटुंबांना वर्षाला दोन टाक्या मोफत जाहीर केल्या, त्यामुळे नंदुरबारची तुलना तापी जिल्ह्याशी करता येत नाही. मध्य प्रदेशात २०२३ पासून लाडली बहना योजनेतील महिलांना ४५० रुपयांत टाकी मिळू लागली. तेलंगणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ५०० रुपयांची टाकी आणली. गोव्यात अंत्योदय शिधापत्रिकाधारकांना टाकीसाठी वेगळी मदत मिळते. जिकडे तिकडे निवडणुका एकाच सुमारास आल्याने नकाशावर एकही कोरा शेजारी उरला नाही, अशी आपली अवस्था आहे.

त्यातल्या त्यात कर्नाटक बरे, कारण तिथे गॅसवर स्वतंत्र राज्य अनुदान नाही. पण तिथेही ऑगस्ट २०२३ पासून गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा २,००० रुपये आहेत आणि जुलै २०२३ पासून घरगुती वीज २०० युनिटांपर्यंत मोफत आहे. गंमत अशी की हीच अडचण आपल्या कामाची ठरू शकते. दोन्हीकडे बाईच्या हाती महिन्याला रोख रक्कम येते आणि गॅसवरची जास्तीची मदत फक्त एकीकडे आहे. रोख रकमेचा परिणाम दोन्हीकडे साधारण सारखा धरला, तर उरलेल्या फरकाचा काही भाग टाक्यांच्या नावावर मांडता येईल. ‘साधारण सारखा’ या गृहीतकावर मी स्वतः मोठा डाव लावणार नाही, आणि मोफत विजेमुळे तिकडे कोणी अंघोळीच्या पाण्यासाठी हीटर वापरू लागले असेल तर गणित पुन्हा बिघडते.

कृष्णाकाठ

आमच्या संघाचे नातेसंबंध बेळगाव जिल्ह्यातल्या गावांशी आहेत, निम्म्या सदस्यांची माहेरे तिकडचीच आहेत. तिथल्या गटांकडून माहिती मिळवणे अवघड जाणार नाही. मात्र हीटरचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. सातपुडा_वाट यांनी सुचवलेल्या ‘काल काय काय तापवले’ या प्रश्नातून तो आपोआप समोर येईल असे दिसते.

ह्युरॉनकाठी

मी अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो. इथल्या एका मूल्यमापनाची हकिकत या धाग्याशी थेट जोडलेली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तेलसंकटानंतर १९७६ मध्ये अमेरिकेने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची घरे थंडीपासून बंदिस्त करून देण्याचा कार्यक्रम सुरू केला. भिंतींत आणि माळ्यावर उष्णतारोधक थर भरणे, फटी बुजवणे, जुनी भट्टी बदलणे अशी कामे कुटुंबाकडून एक डॉलरही न घेता केली जातात. १९८१ पासून त्याच्या जोडीला बिल भरण्यासाठी रोख मदत देणारा वेगळा कार्यक्रम आहे. पहिला कार्यक्रम गरज कमी करतो आणि दुसरा खर्च भागवतो. दोन्हींच्या बाजूने बोलणारे लोक गेली चाळीस वर्षे एकमेकांशी भांडत आहेत आणि दुसऱ्या कार्यक्रमाचा निधी पात्र कुटुंबांपैकी पाचातल्या एकाच्या आसपासच पोहोचतो.

घरे बंदिस्त करण्याच्या कार्यक्रमाचे यश अनेक वर्षे अभियंत्यांच्या संगणकीय अंदाजावरून सांगितले जाई. फाउली, ग्रीनस्टोन आणि वोल्फ्रम या तीन अर्थतज्ज्ञांनी मिशिगनमधल्या ३० हजारांहून अधिक पात्र कुटुंबांतून चिठ्ठ्या टाकून काहींची निवड केली आणि त्या निवडलेल्या घरांना अर्ज करायला प्रवृत्त केले. माणसे घरी पाठवली, वारंवार फोन केले, अर्ज भरून दिले. त्यांचा निबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष ऊर्जाबचत मासिक वापराच्या १० ते २० टक्के भरली, म्हणजे काम झालेच नाही असे कोणी म्हणू शकत नाही. परंतु संगणकाने वर्तवलेली बचत प्रत्यक्ष बचतीच्या तिपटीहून अधिक होती आणि घरामागे झालेला खर्च वाचलेल्या ऊर्जेच्या किमतीच्या सुमारे दुप्पट होता.

इथे दोन गोष्टी नोंदवतो. पहिली अशी की घर बंदिस्त झाल्यावर लोक तापमान वाढवून ठेवतात आणि म्हणून बचत दिसत नाही, असे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. संशोधकांनी घरांतले तापमान मोजले आणि तसा पुरावा त्यांना मिळाला नाही, तूट अंदाजातच होती. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ज्यांना प्रवृत्त केले नव्हते त्यांच्यापैकी एक टक्क्याहून कमी घरांनी हे फुकटचे काम करून घेतले, आणि एवढा खटाटोप करूनही हे प्रमाण सुमारे सहा टक्क्यांपर्यंतच गेले. एक जादा घर कार्यक्रमात आणायला निव्वळ मनधरणीचाच खर्च हजार डॉलरहून अधिक आला. फुकट म्हटले की रांग लागेल हे आपण गृहीत धरतो. कागदपत्रे, रजा, घरात परक्या माणसांचा वावर यांची किंमत कुटुंब स्वतः मोजत असते आणि ती कुठल्याच अंदाजपत्रकात नसते. सातपुडा_वाट यांनी लिहिलेले जीपचे भाडे आणि बुडालेला रोज ही तीच किंमत आहे.

त्या निबंधावर टीकाही झाली आणि ती निराधार नव्हती. हा कार्यक्रम केवळ इंधन वाचवण्यासाठी नसून घर सुरक्षित आणि राहण्याजोगे करण्यासाठीही आहे, तेव्हा फक्त वाचलेल्या इंधनाच्या किमतीने त्याचे मोल करणे अपुरे आहे, असे टीकाकारांचे म्हणणे होते.

खटका

एवढे सगळे वाचूनही मला मूळ प्रश्न पडतो तो असा की इंधनासाठी दरवर्षी पैसे देत राहण्यापेक्षा वीज कमी खाणारी साधने एकदाच देणे स्वस्त नाही का? उजाला योजना ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाली, तिच्यातून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे विकले गेले आणि ठोक खरेदीमुळे दिव्याची खरेदी किंमत ३१० रुपयांवरून ३८ रुपयांपर्यंत खाली आली. तिथे ना खात्यावर पैसे येण्याची वाट पाहावी लागली, ना लाभार्थ्यांच्या याद्या कराव्या लागल्या. एवढी सरळ योजना मला दुसरी दिसत नाही.

आकडेमोड

खटका यांनी घेतलेले उदाहरण चांगले आहे, पण त्यातली बचत कशी मोजली जाते ते पाहू. किंमत उतरली हे निर्विवाद आहे आणि माझ्या मते तेच त्या योजनेचे खरे कर्तृत्व आहे, कारण त्याचा लाभ बाजारातून दिवा घेणाऱ्यालाही झाला. जाहीर होणारी युनिटांची बचत मात्र मीटरवर मोजलेली नसून विकलेल्या दिव्यांना एका गृहीत आकड्याने गुणून काढलेली असते.

वर्षभर रोज चार तास दिवा जळतो असे धरा. ६० वॅटच्या पिवळ्या दिव्याच्या जागी ९ वॅटचा एलईडी आला तर वर्षाला सुमारे ७४ युनिटे वाचतात. त्याच जागी आधी १४ वॅटचा सीएफएल असेल तर साधारण ७ युनिटे. आणि त्या घरात आधी रॉकेलची चिमणी असेल तर विजेचा वापर शून्यावरून १३ युनिटांवर जातो, म्हणजे हिशेबात बचत वजा येते. दिवा तोच, किंमत तीच, आणि गृहीतक बदलले की उत्तर दहापट घटते किंवा उलटे होते. तिन्हींपैकी सर्वांत जास्त लाभ कोणाला झाला हे विचारायची गरज नाही.

मेक्सिकोत जुने फ्रिज आणि वातानुकूलन यंत्रे बदलून देण्याच्या कार्यक्रमाचे मूल्यमापन बिलांवरून झाले, तेव्हा फ्रिजमुळे घराचा वीजवापर ८ टक्क्यांनी घटल्याचे, पण तेही आधी वर्तवलेल्या बचतीच्या जेमतेम चतुर्थांश असल्याचे दिसले. वातानुकूलन यंत्र बदललेल्या घरांचा वापर तर वाढला. ज्याने वर्षानुवर्षे उकाडा सोसला त्याने चांगले यंत्र मिळाल्यावर ते जास्त वेळ चालवले, यात अपयश कसले?

सातपुडा_वाट

हेच मला सांगायचे होते. गरीब घराचा कमी वापर ही बचत नसते. उपासाने घटलेल्या वजनाला कोणी तब्येत सुधारली म्हणत नाही.

जमाखर्च

खटका यांच्या सूचनेत तथ्य आहे, फक्त दिव्याऐवजी पंखा घ्यावा. महावितरणच्या दरपत्रकात दारिद्र्यरेषेखालील घरगुती ग्राहकांसाठी वेगळा सवलतीचा वर्ग आहे. त्यासाठी मंजूर भार पाव किलोवॉटपर्यंत आणि मागील आर्थिक वर्षातला वापर ३६० युनिटांपर्यंत असावा लागतो. जुना ७५ वॅटचा छताचा पंखा रोज बारा तास, वर्षातले नऊ महिने चालला तर एकटाच सुमारे २४० युनिटे घेतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात बारा तास म्हणजे काहीच नाही. दोन दिवे, एक टीव्ही, मोबाइल आणि हा पंखा एवढ्यावर ते कुटुंब ३६० च्या काठावर येते. एखादे वर्ष जरा कडक गेले की पुढच्या वर्षी ते सर्वसाधारण वर्गात ढकलले जाते, आणि तिथे फक्त जादा युनिटांचा नव्हे तर सगळ्याच युनिटांचा दर वाढतो. २८-३० वॅटचा नवा पंखा त्याच वापरात शंभरेक युनिटांत भागवतो. म्हणजे इथे एका साधनामुळे कुटुंब सवलतीच्या रेषेच्या आत टिकून राहते, आणि हा फायदा वाचलेल्या युनिटांच्या किमतीपेक्षा मोठा आहे.

पण याचे मूल्यमापन करायला बसलात तर बिलांवर विसंबू नका. ग्रामीण भागात कित्येक महिने मीटरचे प्रत्यक्ष वाचन न होता सरासरी बिल दिले जाते, आणि मग एकदम वाचन झाले की वर्षाचा वापर एका महिन्यावर चढलेला दिसतो. मीटर स्वतः वाचा आणि तारीख लिहून ठेवा.

शेगडी

मी एका गॅस वितरकाकडे कामाला आहे. कृष्णाकाठ यांना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी लिहिते. वितरकाच्या संगणकात प्रत्येक ग्राहकाने नंबर कधी लावला आणि टाकी कधी पोहोचली याच्या तारखा असतात. कर्नाटकातल्याच कोप्पळ जिल्ह्यात संशोधकांनी अशा विक्रीच्या नोंदींवरून अभ्यास केला होता आणि उज्ज्वलाच्या नव्या ग्राहकांचा वापर तिथल्या इतर ग्रामीण ग्राहकांच्या निम्म्याच्या आसपास असल्याचे दाखवले होते. आपल्याला नोंदी मिळाल्या नाहीत तरी ग्राहकाच्या गॅस पुस्तकावर किंवा मोबाइलवरच्या संदेशांत तारखा सापडतात. वर्षाला किती टाक्या, असे तोंडी विचारू नये, कारण आठवणीत सगळ्या टाक्या गोल आकड्यात येतात.

तारखा का हव्यात, तर दोन टाक्यांमधले अंतर बोलके असते. मोफत टाकीचा लाभ महिन्यातून एकदाच घेता येतो. ज्या घरात लागोपाठ तीन महिने टाकी गेली आणि नंतर आठ महिने काहीच नाही, त्या घरात गॅस साठवला गेला, कोणाला दिला गेला किंवा विकला गेला, यांपैकी काहीतरी झाले. ज्या घरात अंतर पूर्वी चार महिन्यांचे होते आणि आता तीनवर आले, तिथे स्वयंपाक खरोखर गॅसवर सरकला. वर्षाची बेरीज दोन्हीकडे सारखीच दिसू शकते. महालेखापरीक्षकांच्या त्याच अहवालात वर्षाला बारांहून अधिक टाक्या घेणारे १.९८ लाख उज्ज्वला लाभार्थी आढळल्याचे नमूद आहे, आणि आमच्या धंद्यातल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. चहाच्या गाड्यांवर लाल टाक्या कुठून येतात हे सर्वांना ठाऊक आहे.

जोडणी कोणाच्या नावावर आहे हेही विचारावे. लाभ मिळायला ती महिलेच्या नावावर असावी लागते. सासऱ्याच्या किंवा वारलेल्या नवऱ्याच्या नावावर पुस्तक असलेली घरे आमच्याकडे नेहमी येतात आणि नाव बदलून घ्यायला कागद पुरे पडत नाहीत.

आकडेमोड

शेगडी यांच्या शेवटच्या परिच्छेदात आपल्याला हवा असलेला तुलनेचा गट दडलेला आहे. त्याच गावातली, तेवढ्याच कमाईची, लाडकी बहीणचे पैसे घेणारी, परंतु जोडणी पुरुषाच्या नावावर राहिल्यामुळे टाक्यांचा लाभ न मिळालेली घरे. रोख रक्कम दोन्हींकडे आहे आणि गॅसची किंमतही तीच आहे. अडचण एवढीच की ज्यांनी धावपळ करून नाव बदलून घेतले ती घरे मुळातच गॅसला जास्त महत्त्व देणारी असणार, म्हणून अशी घरे तिसऱ्या गटात वेगळी ठेवावीत. बेळगावची गावे हवी असतील तर घ्या, पण माझ्या दृष्टीने हा गावातला गट अधिक विश्वासार्ह आहे.

आरोग्यावर प्रश्न घालण्याचा मोह होईल, तो आवरावा. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत मिळून ३,२०० गर्भवती महिलांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात निम्म्या घरांना शेगडी आणि सुमारे दीड वर्षाचा गॅस फुकट दिला गेला. भारतातली घरे तामिळनाडूतली होती. धूर खूप कमी झाला, लोकांनी चूल जवळपास सोडली, तरीही २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत बाळांच्या जन्मवजनात फरक आढळला नाही. ओडिशात सुधारित चुली वाटल्या गेल्या तेव्हा पहिल्या वर्षी धूर कमी झाला आणि पुढे देखभालीअभावी फरक पुसला गेला. काही गावांच्या एका पाहणीतून खोकला कमी झाला का हे ठरवणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि तो रकाना कोरा आला की योजनेच्या विरोधात वापरला जाईल.

खटका

मग सरपण गोळा करण्यात जाणारा वेळ तरी मोजावा. तो आरोग्यापेक्षा लवकर बदलतो आणि बाईला स्वतःला सांगता येतो.

कृष्णाकाठ

सर्वांच्या सूचना घेऊन प्रश्नावलीचा मसुदा असा करत आहे. प्रत्येक घरातील टाक्यांच्या तारखा पुस्तकावरून किंवा संदेशांवरून उतरवून घ्यायच्या. काल काय काय शिजवले आणि तापवले, कशावर, हे कामागणिक लिहायचे आणि त्यात हीटरचा रकाना ठेवायचा. टाकी घरापर्यंत आणायला लागलेले भाडे आणि बुडालेला रोज विचारायचा. पैसे खात्यावर किती दिवसांनी पडले ते बँकेच्या नोंदीवरून पाहायचे. सरपणासाठी गेल्या आठवड्यात कोण किती वेळा गेले हे विचारायचे. ‘मुख्य इंधन कोणते’ आणि आरोग्याचे प्रश्न काढून टाकले आहेत. घरांचे तीन गट असतील: जोडणी आधीपासून महिलेच्या नावावर, योजनेनंतर नाव बदललेली, आणि अजून पुरुषाच्या नावावर असलेली.

तिसऱ्या गटातली घरे गावागावांत पुरेशी सापडतील का, ही शंका आहे. शेगडी, आपल्या वितरकाकडच्या यादीत अशा जोडण्यांचे प्रमाण अंदाजे किती आहे, आणि नावे न देता केवळ गावनिहाय संख्या मिळू शकेल का, एवढे कळवलेत तर गावांची निवड त्यावरून करता येईल.

शेगडी

नावे देता येणार नाहीत, पण गावनिहाय संख्या काढण्यासाठी मालकांना विचारते. यादीत जोडणीधारक स्त्री की पुरुष हे नेहमीच नीट भरलेले नसते, त्यामुळे केवायसी झालेल्या जोडण्यांपुरतीच संख्या भरवशाची असेल. उरलेल्यांसाठी आपल्या गटातल्या महिलांनाच घरोघरी पुस्तक पाहावे लागेल.